दारावरचा ओरखडा

मंजुळाने वॉटर पेपरचा खरखरीत कागद बादलीत बुडवला आणि गाडीच्या पिवळ्या पडलेल्या हेडलाईटवर आडवा घासायला सुरुवात केली. रंगाला धक्का लागू नये म्हणून दिव्याभोवती टेप आधीच चिकटवली होती. पांढुरकं पाणी बंपरवरून ओघळलं.

जिन्यापाशी खुर्चीत तिचा नवरा दगडू बसला होता, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला पाय स्टुलावर पसरून.

"अगं, हलक्या हाताने. भांडी नाहीत ती."

मंजुळा घासत राहिली. उद्या संध्याकाळी त्याला वर्तकनगरच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं आणि रिक्षात त्याचा पाय दुमडत नव्हता. गाडी ती चालवणार होती. लायसन्स काढून अकरा वर्षं झाली होती, पण ही गाडी तिने दोनदाच चालवली होती. दुसऱ्यांदा डावं दार गेटच्या खांबाला घासलं आणि दगडू सगळ्या बिल्डिंगसमोर तिच्यावर ओरडला. तो ओरखडा त्याने कधी काढून घेतला नाही. आल्यागेल्याला दाखवायचा, "ही आमच्या मॅडमची सही." पाहुणे हसायचे. तीही हसायची, आणि चहा टाकायला आत जायची.

गेले पंधरा दिवस ती कळव्यातच ड्रायव्हिंग क्लासला जात होती. दगडू तेव्हा एवढंच म्हणाला होता, "त्या लाईटमध्ये अंधार पडला की मलाच दिसत नाही, तुला काय दिसणार?"

तिने दिव्यावर पाणी मारलं, पुसलं. मघाशी पिवळा होता, आता ताक भरल्यासारखा पांढराफटक झाला होता.

"झालं! होता तो उजेडपण घालवलास."

तळमजल्यावरची प्रीती दूध घेऊन येता येता थांबली. "काकू, गॅरेज काढलंत की काय?"

"काढलंय ना. पहिलं गिऱ्हाईक खुर्चीत बसलंय, बघ."

प्रीती हसत आत गेली. मंजुळाने ओला हात साडीला पुसला. तिने पुढचा, बारीक कागद उचलला आणि उभा घासला. मग त्याहून बारीक. खांदा भरून आला तेव्हा हात बदलला. शेवटी दगडूच्या जुन्या बनियनच्या तुकड्यावर पॉलिश घेऊन गोल गोल फिरवत राहिली. हळूहळू आतला बल्ब दिसू लागला, मग त्याच्यामागची चकचकीत वाटी.

ती दुसऱ्या दिव्याकडे वळली. खुर्चीतून येणाऱ्या सूचना कधी थांबल्या, तिला कळलंच नाही.

दुसराही दिवा स्वच्छ झाला. कंबर धरून ती उभी राहिली, तर खुर्ची रिकामी. त्याचा वॉकर गाडीला टेकवलेला. डाव्या दाराशी दगडू स्टुलावर बसला होता, एक पाय लांब करून, आणि बनियनच्या दुसऱ्या तुकड्याने दार घासत होता. ओरखडा पुसट झाला होता. खोल होता तेवढा राहिला होता.

"अहो, काय करताय?"

"पॉलिश उरलेलं," तो मान वर न करता म्हणाला.

मंजुळा दिव्याभोवतीची टेप सोडवायला वाकली.

"हलक्या हाताने," ती म्हणाली. "भांडी नाहीत ती."

दगडूने हात हलका केला.