खुरपणीच्या फळीची चाकं

मित्रांनो, मी एक जुनी... आता पुढं काय लावावं, इथंच माझं अडतं. आणि जुनी तरी कसली, तीन महिन्यांची तर आहे मी! कागदावर माझं नाव ‘सरकती बैठक’. शेतातल्या बाया मला आधी गाडी म्हणाल्या, मग फळी म्हणाल्या. एका आजोबांनी तर देवाचा चौरंग समजून मला हात जोडले. ऐका सगळं, आणि मी कोण ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म परभणीचा. निवेदिता ही तिथल्या एका शिक्षकांची मुलगी. रोजच्या वापरातल्या वस्तू नव्यानं कशा घडवायच्या, याचं शिक्षण ती पुण्यात घेते. सुट्टीत एकदा रेल्वेतून जाताना तिला खुरपणाऱ्या बाया दिसल्या. दिवसभर उकिडवं बसून यांच्या गुडघ्यांचं काय होत असेल, असं तिच्या मनात आलं आणि तिनं मला बनवलं. हलक्या लाकडाची फळी, खाली चार रबरी चाकं, कडेला खुरपं अडकवायला खोबण. घरातल्या फरशीवर मी स्वयंपाकघरातून थेट दारापर्यंत सुळकन गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आता काय, आपलं भलं झालं!

मग निवेदितानं मला चुडावा गावच्या पंचफुलाबाईंकडं वापरून बघायला दिलं. पंचफुलाबाई पंधरा बायांच्या टोळीत खुरपायला जातात. त्यांच्या डाव्या गुडघ्यानं दोन वर्षांपासून दावा मांडलाय.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. सोयाबीनचं रान, काळी माती, आदल्या दिवशी पावसाची भुरभुर पडून गेलेली. दोन हात पुढं सरकले आणि चारही चाकांना मातीचे लाडू चिकटले. पंचफुलाबाई ओढताहेत, मी जागची हलत नाही. बाया हसून हसून बेजार.

“पंचफुले, गाडी तर लय भारी हाय, बैल कुटं ठिवलेस?”

मला काही समजेना. फरशीवर पळणारी मीच ना? मग इथं काय झालं?

संध्याकाळी पंचफुलाबाईंनी सायकलवाल्याकडून पाना आणला आणि माझी चारही चाकं काढून टाकली. मी मनात ओरडत होते, अहो बाई, चाकं म्हणजेच तर मी! त्यांनी खाली चिंध्यांचा जाड गुंडाळा बांधला, जुन्या लुगड्याचा पट्टा शिवला आणि मला कमरेलाच बांधून टाकलं. आता त्या उठल्या की मी उठायची, बसल्या की मी आधी टेकायची. गुडघ्यावरचा भार माझ्यावर आला. चार दिवसांत त्यांची ओळ सगळ्यांच्या बरोबरीनं चालू लागली. ज्या हसल्या होत्या, त्याच विचारू लागल्या, “मला बी आसलीच एक मिळंल का गं?”

मी सुखात होते, पण गोंधळलेली होते. जे काढून टाकलं, त्याचंच तर कौतुक झालं होतं ना?

ऑगस्टमध्ये निवेदिता आली. मला पाहून तिचा चेहराच उतरला. “मावशी, चाकं कुठंयत? प्रदर्शनाच्या अर्जात चाकांचं चित्र दिलंय मी!” तिनं पट्टा आणि गुंडाळा सोडून पंचफुलाबाईंच्या हातात दिला, चाकं परत बसवली आणि “चार दिवसांत आणून देते” म्हणून मला परभणीला नेलं.

प्रदर्शनात मला लाल कापडाच्या ठेंगण्या ओट्यावर ठेवलं. शेजारी पाटी होती, ‘कृपया बसू नये’. मित्रांनो, मी बसायची वस्तू! लोक येत, चाकं फिरवून बघत आणि वा वा करत. चारचे दहा दिवस झाले. पहिलं बक्षीस मलाच मिळणार, असं सगळे म्हणत होते.

अकराव्या दिवशी पंचफुलाबाई लंगडत दारातून आत आल्या. आल्या त्या थेट माझ्यावरच टेकल्या.

“ओ मावशी, उठा! पाटी दिसत न्हाई का?” पहारेकरी ओरडला.

“बसायच्या फळीवर बसू न्हाई तर काय हळदीकुंकू वाहू?”

तेवढ्यात ओट्यावर माझी चाकं घरंगळली. मी सरकले आणि पंचफुलाबाई पडता पडता राहिल्या, कारण निवेदितानं धावत येऊन त्यांना धरलं. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू!

“पोरी,” पंचफुलाबाई धापा टाकत म्हणाल्या, “माजी ओळ मागं ऱ्हायलीय. टोळीची मुकादमीण म्हनली, परवापास्नं दुसरी बाई घेते. ही फळी मला लागायलीय. तुला कामून लागायलीय, ते सांग.”

निवेदिता घुटमळली. “मावशी, उद्या निकाल आहे. चाकं काढली तर...” पंचफुलाबाई गुडघा दाबत खाली बसल्या होत्या. निवेदितानं एकदा त्या गुडघ्याकडं पाहिलं, एकदा पाटीकडं. मग पहारेकऱ्याकडून पाना मागून घेतला.

तिसरं चाक निघेपर्यंत आयोजक धावत आले. “अहो, हे काय करताय? उद्या परीक्षक बघणार काय?”

“मला माहीत नाही, सर,” ती म्हणाली आणि चौथं चाक काढू लागली. पंचफुलाबाईंनी पिशवीतून गुंडाळा आणि पट्टा काढून दिला.

मित्रांनो, तुम्हीही उद्या काहीतरी नवं बनवाल. ज्याच्यासाठी बनवाल, त्याच्या रानात जा, त्याच्या शेजारी बसा. त्यानं तुमच्या वस्तूची मोडतोड केली तर रुसू नका. मी कोण, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. पण त्या दिवशी निवेदितानं दोन महिन्यांत पहिल्यांदा विचारलं,

“मावशी, पट्टा किती घट्ट बांधू?”