आजीचा पाहुणा

आजीचा एकच मोठा नेम होता. बाहेरचं कुणीतरी आपल्या घरी जेवल्याशिवाय दुपारचा घास तोंडात घालायचा नाही. त्यातही पाहुणा बोलावून आणायचा नाही, तो आपणहून यावा लागतो. "आणलेला पाहुणा आपला, आलेला देवाचा," असं ती म्हणायची. हा नेम तिने कधी आणि कशासाठी घेतला, हे आम्ही लहानपणी खोदून खोदून विचारलं. "ते माझं आणि देवाचं बोलणं झालंय," ती म्हणायची. "दोघांच्या बोलण्यात तिसऱ्याने पडू नये."

आमचं जुनं घर बसथांब्याच्या मागे, तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. पुढचं दार थेट रस्त्यावर उघडायचं. तिथे पाहुण्यांचा काय तोटा? बस चुकलेल्या बाया, पाळी संपलेले ड्रायव्हर. एकदा एक म्हातारा पत्ता विचारायला आला आणि पोटभर जेवून पत्ता न विचारताच गेला. एका कंडक्टरचं नाव आम्ही 'थोडासाच' ठेवलं होतं, कारण "थोडासाच वाढा" म्हणत तो भाताचा डोंगर फस्त करायचा.

वाढावं आजीनेच. "वाढू का?" असं ती विचारायची नाही. विचारलं की भुकेला माणूसही नको म्हणतो, हे तिला ठाऊक होतं. वाढायची आणि लगेच खिडकीबाहेर बघत बसायची, म्हणजे लाजणाऱ्याला खाता यावं. तेवढ्या वेळात तिचे ओठ हलत असायचे. काय म्हणतेस, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "याला पचू दे म्हणते, आणि याच्या घरच्यांनाही मिळालेलं असू दे म्हणते." मीही आता रोजचे नेम पाळते, सकाळी दिवा लावल्याशिवाय कुणाशी बोलत नाही. पण अशी प्रार्थना मला अजून जमलेली नाही. माझी प्रार्थना फिरून फिरून माझ्याच घरी येते.

पाहुणा उठला की आजी जेवायची, मग बाबा आणि मी, आणि सगळं आवरून झालं की आई.

पुढे रस्ता रुंद करायचा म्हणून ते घर पाडलं आणि आम्ही चौथ्या मजल्यावर राहायला गेलो. खाली फाटक, फाटकावर पहारेकरी, आणि प्रत्येक मजल्यावर बंद दारं. तिथे चुकूनमाकून कोण येणार? कुरिअरवाला पाकीट देऊन जिना उतरूनही जायचा, तोवर आजी "अरे, घोटभर पाणी तरी..." म्हणत दाराशी पोचायची. कधी कुणी यायचं, कधी दिवस मावळायचा. ज्या दिवशी कुणी आलं नाही, त्या दिवशी आजी रात्री दूध पिऊन झोपायची. चेहऱ्यावर तक्रार नाही. उलट, "आज त्याला दुसरीकडे काम असेल," म्हणायची. कुणाला, ते आम्हाला कळायचं.

मग एका दुपारी ती स्वयंपाकघरात भोवळ येऊन पडली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि स्पष्टच सांगितलं, "आजी, साखरेची गोळी चालू आहे. दुपारी वेळेवर जेवला नाहीत तर साखर उतरेल. पुढच्या वेळी उठालच, असं मी सांगू शकत नाही."

"बरं," आजी म्हणाली. आजीचं 'बरं' म्हणजे ऐकलं, एवढंच.

आईने समजावलं, बाबांनी हात जोडले. मीही म्हटलं, "आजी, देव काय तुला उपाशी ठेवायला बसलाय का?" ती माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "तो नाही गं. मी शब्द दिलाय."

तेव्हा आम्ही जे केलं ते आमच्याच घरात होऊ शकतं. तिघांनी एकमेकांच्या नकळत तिला फसवायचं ठरवलं, आणि तेही एकाच दिवशी.

मी ग्रंथालयात नोकरीला होते. तिथल्या माझ्या मैत्रिणीला मी पाठवलं. ती अर्धी भाजी वाढून घेते न घेते तोच बेल वाजली. दारात गल्लीतली शिंपीणबाई, हातात मोजपट्टी. "सहज आले होते," ती एका दमात म्हणाली. तिचं पान वाढून होतंय तोवर पुन्हा बेल. एक अनोळखी गृहस्थ घाम पुसत उभे. आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे पाहिलं. आई पुटपुटली, "मी एकीलाच सांगितलं होतं." मी म्हटलं, "मीपण एकीलाच." मग आम्ही दोघींनी बाबांकडे पाहिलं. त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. ते नेमके भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायला उठले.

आजी मात्र हरखून गेली. "देवा रे, दिलंस ते छप्पर फाडून दिलंस!" आईने घाईने पुन्हा भात टाकला.

गृहस्थ साधे होते. दुसरा घास घेतानाच म्हणाले, "आजी, जेवण झकास. पण तेवढं माझं घड्याळ द्यायला सांगा. तुमचे चिरंजीव म्हणाले, जेवून आल्याशिवाय घड्याळ मिळणार नाही."

शिंपीणबाईला हसू आवरेना. "अहो, गप्प बसा ना! मलाही वहिनींनी पढवून पाठवलंय, पण मी बोलले का?"

माझी मैत्रीण मान खाली घालून भात कालवत राहिली. "मला काहीच माहीत नाही," ती म्हणाली. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

सगळ्यात जास्त आजीच हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिघांनाही आग्रहाने वाढलं, खिडकीबाहेर बघत ओठ हलवले, दारापर्यंत पोचवायला गेली. परत आली आणि आपलं ताट उपडं घालून ठेवलं.

"हे काय?" आई म्हणाली.

"पाहुणे तुमचे होते गं. गोड होते. माझा अजून यायचाय."

आईच्या हातातला डाव खाली पडला. आवाज चढवणं तिचा स्वभाव नाही, म्हणून तो चढला तेव्हा फुटल्यासारखा झाला. "सासूबाई, या घरात आल्यापासून मी रोज शिजवते. रस्त्यावरून येणाऱ्याला कढत करून दिलं. कधी हूं का चूं केलं नाही, चांगलंच काम होतं ते. मी मात्र गार जेवले, कायम, सगळ्यांच्या शेवटी. आणि आता तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर उपाशी मरणार आणि तेही मीच बघायचं?" ती पायात चपला सरकवून निघून गेली. दार तिच्यामागे आपोआप लागलं.

आजी बंद दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इतक्या परक्यांची ताटं बघितली मी. हिचं नाही बघितलं."

मी पाणी दिलं, तेवढं तिने घेतलं. "आजी, आता तरी दोन घास," मी म्हटलं. ती उठली, पण ताटाकडे नाही, शेगडीकडे गेली. कित्येक वर्षांत तिने शेगडी पेटवली नव्हती. भिंतीला एक हात टेकून तिने नवा भात लावला आणि भाजी चिरली. बाबा धरायला गेले तर म्हणाली, "तू घड्याळं बघ."

उन्हं कलली तेव्हा बेल वाजली. आजीच दाराशी गेली. बाहेर आई. कुठे जाणार बिचारी? खालच्या बागेतल्या बाकावर बसून होती.

"आलीस? ये, हात धू," आजी म्हणाली आणि पाहुण्यांच्या जागी पान मांडलं.

"हे काय? आधी तुम्ही खा. चेहरा बघा, पांढराफटक पडलाय."

"पाहुणा जेवल्याशिवाय मी कशी जेवू?"

"मी पाहुणी?"

"कुणी बोलावलं नव्हतं. आपणहून आलीस, दार वाजवून आलीस. आणखी काय असतं पाहुण्यात?"

आई हात धुऊन आली. खाली बसली. आजीने वाफाळता भात वाढला, वर भाजी, आणि खिडकीबाहेर बघत बसली. आईने घाईघाईने मोठा घास घेतला, आजीची पाळी लवकर यावी म्हणून, आणि तोंड वासून फू फू करायला लागली. "किती कढत आहे हे!"

"सवय नाही तुला," आजी खिडकीकडेच बघत म्हणाली. "सावकाश जेव. मी थांबते."

आई जेवली. रडत, हसत, पण सावकाश. तिने हात धुतला तेव्हा आजीने आपलं ताट सरळ केलं, आणि आईने तिला वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची प्रार्थना आटोपून आजी बाहेर आली ती खुशीत. "बोलून घेतलं," म्हणाली. "त्याने पाहुणा घरातलाही चालतो म्हणून सांगितलं. उलट मलाच म्हणाला, मी कधी नाही म्हटलं होतं?"

त्यानंतर आजी आणखी बरीच वर्षं जगली. कुणी आलं तर त्याच्याबरोबर आई बसायची, नाही आलं तर आई एकटी, पण पहिलं कढत पान तिचं. आणि समोर आजी, खिडकीबाहेर बघत, ओठ हलवत.