टाकीच्या तळाचे शिंपले

मुलीने आणखी एक गंजका खिळा टाकीत सोडला, तेव्हा मावशी पाण्याचा डबा घेऊन दारात उभी होती.

"झाडाला लोह कमी पडतंय, म्हणाला दुकानदार," मुलगी मागे न बघताच म्हणाली.

काचेच्या टाकीत पाण्याखाली वाढणारं ते झाड तिच्या आईने लावलेलं. आई गेली, आणि दोन वर्षांनी बाबांशी लग्न करून मावशी या घरात आली; नात्याने मावशी नव्हे, मुलगी तिला तसं म्हणायची एवढंच. हल्ली झाडाचं प्रत्येक कोवळं पान पिवळंच निघायचं, शिरा तेवढ्या हिरव्या.

मावशी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. टाकीतलं पाणी तिने केव्हाच तपासलं होतं. लोह भरपूर होतं. पण तळाचे शिंपले हळूहळू विरघळून पाणी जड आणि अल्कधर्मी करत होते. अशा पाण्यात लोहाचा साका होतो. मुळांशी असूनही झाडाला ते घेता येत नाही. शिंपले काढ, एवढंच सांगायचं होतं. पण ते मायलेकींनी मिळून वेचलेले आहेत, असं बाबा बोलून गेले, आणि तिची जीभ रेटेना. मग ती रोज प्रयोगशाळेतून क्षार काढलेलं पाणी आणून थोडं थोडं बदलत राहिली.

आज मात्र झाडाचा शेंडाच मलूल झाला होता.

"खिळ्यांनी नाही भागायचं," मावशी डबा खाली ठेवत म्हणाली.

"मग?"

मावशीने सांगितलं. मुलीने टाकीतल्या शिंपल्यांकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"म्हणून रोज हा डबा वाहून आणता होय? मला वाटलं, आमच्या नळाचं पाणी आवडत नाही तुम्हाला. पण सांगायचं ना आधीच!"

"तू आणि आईने वेचलेत ना ते..."

"आई?" मुलीला हसू फुटलं. "ती ओरडायची. 'हा काय उकिरडा भरून आणलायस!' शिंपले माझे हो. तिचं फक्त झाड."

बाही वर सारून तिने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. जवळ भांडं नव्हतं. मावशीने ओढणी पसरली.

"भिजेल की."

"भिजू दे."

पहिला शिंपला ओढणीत पडला. दुसरा मात्र मुलीने हातातच धरून ठेवला.

"हा कुठे सापडला सांगू?"

मावशी खाली बसली.