गुरुपुष्याची खरेदी

“वसू, आधी मागची पानं वाच. पुढची पानं ते आपल्याला दाखवायला छापतात, मागची कायद्याच्या धाकानं.”

बाबा सहकार खात्यात हिशेब तपासायचे. नागपूरचं ऑफिस भोपाळला हललं तेव्हा ट्रंक आणि आईला घेऊन इथं आले, ते इथलेच झाले. संस्थांचे अहवाल घरी आणत आणि मी शेजारी बसले की हे वाक्य हमखास म्हणत. मला तेव्हा मागच्या पानांतलं काही कळायचं नाही. आता बासष्टाव्या वर्षी त्यांचा आवाज रोज सकाळी साडेनऊला कानात येतो, कारण त्या वेळेला मी एका बँकेचा वार्षिक अहवाल उघडून बसते.

हे कसं सुरू झालं ते सांगते. बाबांनी जाण्यापूर्वी माझ्या एकटीच्या नावानं मुदत ठेव केली होती. ती यंदा फाल्गुनात पिकली. तीन लाख हातात आले. आमचे हे, म्हणजे सुभाषराव, भेलच्या टर्बाइन कारखान्यातून निवृत्त झालेले. सरळ मनाचा माणूस. म्हणाले, “पुन्हा ठेवीत टाक आणि विसरून जा.”

मी म्हटलं, “अहो, मला याच्यातून लाभांश देणारे शेअर घ्यायचेत.”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “सट्टा? तू? एकादशीला साबुदाण्यातली मिरचीसुद्धा मोजून घालणारी बाई!”

खरं कारण सांगायला मला दोन दिवस लागले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी किती व्रतं केली, किती उद्यापनं. प्रत्येक वेळी नैवेद्याचा गूळ, तूप, नारळ, दक्षिणा यांच्या खिशातून. यंदा श्रावणापासून सोळा सोमवार धरायचे होते, उद्यापन कार्तिकात. मला वाटत होतं, या वेळी देवापुढे जे ठेवीन ते माझ्या मिळकतीचं असावं. ठेव मोडून नाही. मूळ बाबांचं आहे, ते तसंच राहावं. त्याला आलेल्या फळातून.

“मी कधी नाही म्हटलंय का तुला?” यांनी विचारलं.

“नाही म्हटलं नाहीत हो. पण विचारावं लागलं ना.”

संध्याकाळी शर्वरी ऑफिसातून आल्यावर हे तिला म्हणाले, “तुझ्या आईचं ते डीमॅट का काय ते उघडून दे.” शर्वरी आमची मुलगी, अरेरा कॉलनीत एका ऑफिसात हिशेबाचं काम बघते. तिला इतका आनंद झाला की तिनं मला उचलायचाच प्रयत्न केला. “आई, तू तो छुपी रुस्तम निकली!”

पाडव्याला मी नेम धरला. पूजा, पोथी, मग अहवालाचं एक पान. एकच, पण रोज, आणि मागून पुढे. शर्वरीनं मोठ्या अक्षरात छापून आणलेला एका बँकेच्या अहवालाचा गठ्ठा देवघराशेजारच्या चौरंगावर असायचा. पुढच्या पानांवर हसणारी माणसं, लावलेली झाडं, चकचकीत इमारती. त्यांना मी नमस्कार करून बाजूला ठेवलं.

पहिला महिना काहीच समजलं नाही. शर्वरीला विचारून विचारून एका वहीत माझ्या भाषेत लिहून घेतलं. बँकेनं शंभर रुपये कर्ज दिलं, त्यातले किती अडकले? अडकलेल्यांसाठी नफ्यातून आधीच किती बाजूला काढून ठेवलेत? ठेवी कोणाच्या, माझ्यासारख्यांच्या बचत खात्यातल्या, की मोठ्या व्याजाच्या आमिषानं गोळा केलेल्या? आणि नफ्यातला किती वाटला, किती घरात ठेवला? या बँकेनं पंधरा वर्षं लाभांश चुकवला नव्हता, फक्त कोविडचं वर्ष सोडून. मला आधी ते खटकलं. मग कळलं की त्या वर्षी रिझर्व्ह बँकेनंच सगळ्या बँकांना लाभांश वाटू नका म्हणून बजावलं होतं. म्हणजे दोष तिचा नव्हता. मला त्या बँकेबद्दल उगाच माया वाटायला लागली.

मेमध्ये विनायकभावजी आले. यांचे धाकटे भाऊ; इंदूरला असतात, आणि येताना नेहमी एक बातमी आणि अर्धा किलो शेव आणतात. पोहे खाता खाता म्हणाले, “वहिनी, बँक कसली घेताय! सुवर्णतारा फायनान्स घ्या. बारा टक्के लाभांश! बारा! तुमची बँक दोन देते.”

“बारा?” यांचेही डोळे मोठे झाले. “मग काय वाईट आहे, वसुधा?”

मी भावजींना आणखी पोहे वाढले आणि म्हटलं, “वाचून सांगते.”

“यात वाचायचं काय? बारा दोनपेक्षा मोठे!”

पण दुसऱ्या दिवशी ते अजून झोपलेले असताना शर्वरीनं तो अहवाल काढून दिला. त्या दिवशी नेम मोडला; अकरा पानं वाचली. नंतर देवाची क्षमा मागितली. दुपारी जेवायला बसल्यावर भावजींनी विचारलं, “काय मग, झालं पारायण?”

“झालं,” मी म्हटलं. “भावजी, हा शेअर दोन वर्षांपूर्वी दोनशे चाळीसला होता. लाभांश तेव्हाही बारा रुपयेच. म्हणजे पाच टक्के. आता शेअर शंभरवर आलाय, म्हणून तेच बारा रुपये बारा टक्के दिसतायत.”

“बरं, मग स्वस्त मिळतोय!”

“आणि मागच्या वर्षी नफा झाला शेअरमागे नऊ रुपये. वाटले बारा.”

यांचा घास हातातच राहिला. “नऊ कमावून बारा वाटले? वरचे तीन आले कुठून?”

“जुनी इमारत विकली. एकशे त्र्याण्णवाव्या पानावर आहे, अगदी खाली. पुढच्या वर्षी विकायला दुसरी इमारत दिसली नाही मला.”

मग यांनी भावजींच्या पाठीवर थाप मारली. “विन्या, तू किती घेतलेस रे?”

भावजींनी आमटीचा भुरका मारला. “थोडेच आहेत. वहिनी, ते पान जरा मलाही दाखवा.”

त्या दिवसापासून घरात माझा भाव वाढला. हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “आमच्याकडे आता विचारल्याशिवाय कोणी शेव पण घेत नाही.”

आता गुरुपुष्याचं. जुलै सरत आला. बँकेच्या अहवालाची सतराच पानं उरली होती. मी दिनदर्शिका पाहिली, तर दुसऱ्याच दिवशी गुरुपुष्यामृत. पुढचा योग थेट महिन्यानंतर. आमच्या आईनं आयुष्यभर सोनं घेतलं ते गुरुपुष्याला, मग गुंजभर का असेना. सतरा पानांसाठी योग घालवायचा? मनानं घेतलं की नाही घालवायचा. गुरुवारी सकाळी स्नान, पूजा केली. मोबाइलला हळदीकुंकू लावलं (शर्वरीनं नंतर चार्जरच्या भोकातून हळद काढली, ते वेगळं). बाजार उघडल्यावर पाहते तो काय, काल आठशे वीस असलेला भाव आठशे चार! सोळा रुपये कमी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. देवाची केवढी कृपा, नेमकं आज स्वस्त केलं! एकशे ऐंशी शेअर घेतले आणि भजनी मंडळातल्या शशिकलाला लगेच फोन करून सांगितलं की योगाचं फळ असं असतं बघ.

संध्याकाळी शर्वरीला पेढा दिला. तिनं पेढा तोंडात टाकला, मोबाइल पाहिला आणि चघळायचीच थांबली.

“आई. ही कृपा नाहीये. आज एक्स-डेट आहे.”

“ते काय असतं?”

“अगं, बँकेनं सोळा रुपये लाभांश जाहीर केला होता ना. कालपर्यंत ज्यांच्याकडे शेअर होते त्यांनाच तो मिळणार. आजपासून घेणाऱ्यांना नाही, म्हणून भाव सोळानं उतरला. एक दिन पहले ले लेती यार!”

“तुला तारीख माहीत होती?”

“तू मला कुठं सांगितलंस आज घेणार म्हणून! मुहूर्त तू गुपचूप काढलास.”

ते खरं होतं. मी गठ्ठा उघडून उरलेली पानं चाळली. पुढून सोळाव्या पानावर सभेची सूचना होती आणि तिच्यात ती तारीख, ठळक अक्षरात. माझ्या नेमाप्रमाणे ते पान शुक्रवारच्या वाट्याला होतं. बाबांची मागची पानं सांभाळता सांभाळता पुढचं एक पान राहून गेलं होतं.

हे ऐकून यांना जे हसू आलं! सोफ्यावर आडवे झाले. “पंचांग पाहिलं, राहुकाळ पाहिला, आणि कंपनीची नोटीस नाही पाहिली!” शर्वरीनं डोळे वटारले तेव्हा थांबले. मला म्हणाले, “अगं, तोटा काही नाही झाला. लाभांश गेला, पण शेअर तेवढाच स्वस्त मिळाला ना.”

मलाही ते कळत होतं. पण मला तोट्याचं नव्हतंच काही. बँक आता वर्षानंतर देणार, आणि माझं उद्यापन कार्तिकात. देवापुढे ठेवायला माझं काय होतं? रात्री समईची वात सारखी करताना मला रडू आलं, आणि मोबाइलला लावलेलं हळदीकुंकू आठवून हसूही आलं. दोन्ही एकदम.

श्रावण लागला. पहिला सोमवार झाला, दुसरा झाला. उरलेल्या पैशांचं काय करायचं, मी रोज पान वाचत विचार करत होते. शर्वरीनं वीज कंपन्यांना कर्ज देणारी एक सरकारी कंपनी सुचवली. “ही वर्षातून तीन-चारदा थोडं थोडं देते. पण आई, वीज केंद्रांची कर्जं अडकतात, नीट बघ.”

त्या कंपनीनं अडकलेल्या प्रकल्पांची यादीच दिली होती. नावं वाचून मला काय कळणार? मी मोठ्यानं वाचत होते, आणि पलीकडे पेपर वाचणारे हे एकदम म्हणाले, “काय नाव म्हणालीस?”

मी पुन्हा वाचलं.

“अगं, त्याचं टर्बाइन चार वर्षं आमच्या यार्डात ताडपत्रीखाली पडून होतं! न्यायलाच कोणी येईना.” ते उठून शेजारी येऊन बसले, चष्मा पुसला. “पुढचं वाच.”

“हा?”

“हा सुटेल. कोळशाची खाण शेजारीच आहे. मी जाऊन आलोय.”

“आणि हा?”

“याचं पाणीच आटलंय. याचे पैसे गेलेच समज. त्यांनी किती धरलेत बुडीत?”

“सगळे.”

“सगळे? मग प्रामाणिक दिसतात.”

ती दुपार मी विसरणार नाही. छत्तीस वर्षं हा माणूस कारखान्यातून येऊन काय सांगायचा ते मी ऐकल्यासारखं करत भाजी चिरली होती. त्या दिवशी प्रत्येक शब्द लिहून घेतला. चार वाजता चहा यांनीच केला. आठ दिवसांत यादी संपली, वीसपैकी बहुतेकांचे पैसे एक तर सुटत होते, नाही तर आधीच बुडीत धरलेले होते. मग साडेतीनशे शेअर घेतले. या वेळी सगळी पानं वाचून, साध्या मंगळवारी. आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, जिथं एकादशी-चतुर्थी असते, तिथं कंपन्यांच्या तारखा बारीक पेनानं लिहायला लागले.

पंधरा सोमवार झाले. दिवाळी झाली. कंपनीनं अंतरिम लाभांश जाहीर केला, तारीखही उलटून गेली, पण पैसे काही येईनात. हे रोज विचारायचे, “आला का पाहुणा?” सोळाव्या सोमवारनंतरच्या गुरुवारी मी देवाला दूर्वा निवडत होते. मोबाइल टुणकन वाजला. खात्यात बाराशे साठ रुपये जमा.

मी कोणाला हाकसुद्धा मारली नाही. पदर खोचला, पिशवी घेतली आणि कोपऱ्यावरच्या किराण्यात गेले. गहू, गूळ, तूप, खोबरं.

“आंटी, आज अंकल नहीं आए? लिख लूँ उनके नाम पे?”

“नाही भैया,” मी म्हटलं, “मेरे नाम पे. अभी देती हूँ.” आणि मोबाइल पुढे धरून पैसे दिले. आवाज नेहमीसारखाच हळू होता माझा, पण दुकानदारानं दोनदा वर बघितलं.

सतराव्या सोमवारी उद्यापनाला गच्चीवर सोळा जोडपी जेवली. बाकीचा स्वयंपाक यांच्या पैशाचा. त्यात मला कमीपणा वाटला नाही. देवापुढचा चुरमा मात्र माझा. हे ताट घेऊन प्रत्येकाला वाढत फिरले आणि प्रत्येकाला सांगितलं, “हा टर्बाइनचा आहे, नीट खा.”

पंगत उठल्यावर शशिकला मला जिन्यापाशी घेऊन गेली. साकेत नगरला राहते, भजनात माझ्या शेजारी बसते. माझ्याहून मोठ्या आवाजात गाते आणि माझ्याहून कमी बोलते.

“वसुधाताई, माझ्या आईच्या जमिनीचे थोडे पैसे आलेत. माझ्या मुलानं, संकेतनं, एका विमा कंपनीचा अहवाल छापून दिलाय मला. पाच महिने कपाटात आहे. उघडायला धीर होत नाही. मुलगा हसेल, कळलं नाही तर.”

“विम्याचं मलाही काही कळत नाही गं.”

“मग दोघी मिळून हसू. याल का?”

“उद्या येते,” मी म्हटलं. “पण घे किंवा नको घेऊ, ते नाही सांगणार. नुसती शेजारी बसेन.”

“नक्की?”

“नक्की. अकरा वाजता.”

दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाच्या दगदगीनं हे साडेनऊलाच पुन्हा आडवे झाले होते. शर्वरी ऑफिसला गेली होती. मी पूजा आटोपली, पोथी वाचली. डब्यात उरलेला चुरमा भरला, कोरी वही घेतली. यांच्या अंगावर शाल सारखी केली, दार हलक्या हातानं ओढून घेतलं आणि साकेत नगरच्या बसला निघाले.