भुईचाफ्यासाठी उसनी सावली

आमच्या परसात सावली पडत नाही, त्यामुळे ती आम्ही शेजारच्या भिकाजी मेस्त्र्याकडून पातेल्यातून आणतो. त्याच्या फणसाखाली ती दाट असते, सायीसारखी. तो करवंटीने खरवडून पातेलं भरतो, झाकण ठेवतो आणि बजावतो की हिंदकळू देऊ नका. एकदा माझ्या डाव्या पायावर सांडली होती. तो पाय अजून थंड आहे.

सावली लागते ती भुईचाफ्याला. माझी बायको सत्यभामा हिने त्याचा गड्डा माहेरच्या रानातून आणून लावलाय. पावसाळ्यात त्याला पानं येतात, थंडीत ती सुकून मातीत गडप होतात, आणि उन्हाळ्यात, वर पानाचा मागमूस नसताना, मातीतून नुसतं फूल यायला हवं. माहेरी यायचं. आमच्याकडे कधी आलं नाही. यंदा तिने सांगून टाकलं की भाऊ येईपर्यंत फूल दिसलं नाही तर गड्डा परत माहेरी जाईल, आणि गड्ड्याबरोबर तीही जाईल. इतकी वर्षं त्याचे हाल बघवले नाहीत, म्हणाली. माझ्या हालांचा विषय निघाला नाही.

तर मी रोज पातेलं आणायचो आणि सावली गड्ड्याभोवती बेताने ओतायचो. संध्याकाळपर्यंत ती जिरायची. अडचण एवढीच, की शेजाऱ्याचं पातेलं रिकामं परत करायचं नसतं. आधी मी लोणच्याची फोड घातली, मग पोहे, मग काकडी. मग घरातलं संपलं. काहीच सापडेना, तेव्हा मी त्यात आमची दुपार घातली.

त्या दिवसापासून आमच्याकडे सकाळ संपली की थेट चहाची वेळ होते. भिकाजीकडे दोन दुपारी झाल्या. तो दोनदा जेवायला आणि दोनदा झोपायला लागला. कुंपणावरून मला म्हणाला, तुमची दुपार जरा उकडते, पण झोप छान लागते.

पुढे मी ओटी घडी करून दिली. मग माजघर. मग माझा खोकला. तो भिकाजीच्या बायकोला आवडला नाही, पण आलेलं परत पाठवणं बरं दिसत नाही म्हणून तिने ठेवून घेतला. पहाटे तो त्यांच्या पडवीत खोकायचा आणि इकडे मी सवयीने पाणी प्यायचो.

घर आता एवढंच उरलं, की आम्ही दोघं बसलो की गुडघे गुडघ्यांना लागत. सत्यभामेला त्याचं काही नव्हतं. ती मातीकडे बघत होती. मातीला तडा गेला होता आणि तड्यातून जांभळट टोक डोकावत होतं.

"आणखी एक पातेलं," ती म्हणाली. भाऊ उद्या येणार होता.

मी घरभर नजर फिरवली. त्याला वेळ लागला नाही. चूल द्यावी, तर मेहुण्याला चहा कशावर करणार? मी चपला काढून ठेवल्या आणि पातेल्यात बसलो. आधी पाय, मग पोट, मग उरलेला मी. मावलो, याचं थोडं वाईट वाटलं. सत्यभामेने झाकण लावलं, पातेलं उचलून अंदाज घेतला आणि म्हणाली की बरेच हलके झालात.

कुंपणापाशी पोचल्यावर ती थांबली. झाकणाच्या फटीतून गोडसर वास आत आला. तिने मागे वळून पाहिलं असणार.

"फुललं," ती म्हणाली, इतक्या हळू की मला वाटलं, मलाच सांगतेय. "आता कुठे जायचं नाही मला."

मी आतून म्हटलं, मग काढ मला बाहेर.

"अहो, पातेलं तर द्यायलाच हवं."

भिकाजीने झाकण उचललं. बराच वेळ आत बघितलं. बायकोलाही बोलावून दाखवलं.

"एवढं कशाला वहिनी?" तो म्हणाला. "आम्ही दोघंच माणसं. संपायचं नाही. अर्धं काढून घ्या."

सत्यभामेने असू द्या म्हटलं. मग ठेवून घ्या म्हणून पुन्हा एकदा आग्रह केला. मग पदर खोचला.

"बरं," ती म्हणाली. "डाव द्या."