उचललेला भंडारा

म्हाळू मिस्त्री गाडीखाली शिरला की पान्याच्या आधी तेलाला बोट लावायचा. बोट अंगठ्यावर चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि सांगून मोकळा व्हायचा, हे इंजिनाचं, हे गिअरबॉक्सचं, हे मागच्या ॲक्सलचं. त्याचा बाप मेंढराच्या पोटाखाली हात घालून ती गाभण आहे का ते सांगायचा. तीच खोड लेकात उतरली होती. मेंढरं गेली आणि यवतला हायवेच्या कडेला पत्र्याचं गॅरेज आलं, एवढाच फरक.

दोन हजार एकच्या चैत्रात, टळटळीत उन्हात वरवंडचे पोपटराव एक जुनी जीप घेऊन आले. चारी चाकांना ओढ असलेली, मूळची लष्कराच्या लिलावातली. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी ती मळ्यातल्या कामासाठी घेतली होती.

"मिस्त्री, हिला गळायला जागा ठेवली न्हाई देवानं," पोपटराव म्हणाले. "दारात लावली की अंगण सारवल्यागत हुतंय. बायको म्हंती, एक तर ही ठेवा न्हाईतर मला ठेवा."

"मंग काय ठरलं?"

"ठरत न्हाई म्हनून तर तुमच्याकडं आलो. तीन मिस्त्री झालं. मागच्या चाकांची ऑइलशीलं समद्यांनी बदलली. म्हैनाभर बरी ऱ्हाती, पुना तेच."

म्हाळू हसत हसत गाडीच्या मागं गेला आणि त्याचं हसू जिरलं. मागच्या आकड्याचं वेल्डिंग त्याच्या हातचं होतं. वेल्डिंग संपवताना तो शेवटी आकडीसारखं एक वळण मारायचा, ते तिथं तसंच होतं. गाडीचा रंग बदलला होता, सीटं नवी होती, हूड नवं होतं. पण म्हाळूला नंबर वाचायची गरज पडली नाही. ही संपतची जीप होती.

"काय झालं? भूत बघितल्यागत करताय," पोपटराव म्हणाले.

"काय न्हाई. ठिवा गाडी. आठ दिसांनी या."

आता संपत कोण ते सांगायला हवं. संपत म्हणजे म्हाळूच्या गावचा, भीमेच्या अलीकडच्या काठाचा, आणि त्याचा जिवाभावाचा सोबती. बाजाराच्या दिवशी तो या जीपमधून माणसं नदीपलीकडं तळेगाव ढमढेऱ्याला न्यायचा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पुलाचा वळसा कोण घेतो? सरळ पात्रातून गाडी घालायचा. जीप गळायला लागली की गॅरेजात येऊन म्हणायचा, "मिस्त्री, मागनं रडतीया बघा." गळते म्हणायचा नाही कधी, रडते म्हणायचा. म्हाळूनं तीनदा शीलं बदलली, तेलानं भिजलेले ब्रेकचे लायनर टाकून नवे घातले. त्यानंतर आठव्याच दिवशी, चौऱ्याण्णव साली, नदीच्या उतारावर, जिथं डोह टाळून उथळाकडं वळायला ब्रेक मारावा लागतो तिथं, जीप थांबली नाही. मागची माणसं उड्या टाकून वाचली. संपत आणि पुढं त्याच्या शेजारी बसलेली त्याची सात वर्षांची स्वप्नाली डोहात गेली. पोरगी बांगड्या भरायला निघाली होती.

संपतचा भाऊ म्हणाला, ब्रेक लागला नाही. गाव म्हणालं, मिस्त्रीला विचारा. खंडोबाच्या देवळात सगळ्यांसमोर म्हाळूनं देवापुढची हळद हातात घेऊन भंडारा उचलला आणि शपथेवर सांगितलं, माझ्या कामात खोट न्हाई. त्यानं ते अगदी स्वच्छ मनानं सांगितलं. भंडारा उचलला की गावात विषय संपतो. मिस्त्री खोटा नाही म्हटल्यावर गुन्हेगार एकच उरला, आणि तो मेलेला होता. संपत कधीमधी एखादा घोट घ्यायचा. त्या दिवशी तो पिऊन होता, असं ठरून गेलं. ते सगळ्यांच्या आधी त्याच्या बायकोनं, सारजाबाईनं मानलं. लेकीला मारणारा नवरा म्हणून तिनं त्याचा फोटो भिंतीवरून काढला आणि पितरपाटात त्याच्या नावानं घास टाकला नाही.

आणि म्हाळू? त्याच्या लेखी कामात खोट नव्हती, तरी कुठल्याही गाडीखाली पाठ टेकली की कानाशी आवाज यायचा, मिस्त्री, मागनं रडतीया बघा. सात वर्षं. ट्रकखाली, ट्रॅक्टरखाली, एकदा तर लग्नाच्या वऱ्हाडाच्या टेम्पोखाली. बायकोनं जेजुरीला नेऊन आणलं, आवाज गेला नाही. तो कुणाला सांगायचाही नाही. भीती वाटायची त्याला, आणि भीतीची लाज वाटायची.

पोपटराव गेल्यावर दोन दिवस त्यानं जीपला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी लागला कामाला. पुढच्या चाकांच्या वळायच्या गाठी खोलून शीलं बदलली. चारी चाकांना ओढ वाटून देणाऱ्या मधल्या ट्रान्सफर बॉक्सचं पॅकिंग कुजलं होतं, ते नवं कापून बसवलं. हे सगळं सरळ काम होतं. मग हायवेला एक चक्कर मारून गाडी तापवून आणली आणि तो मागच्या ॲक्सलखाली शिरला. तेल भरायचं बूच सैल केलं, तर आतून फुस्स करून हवा सुटली आणि गरम तेल त्याच्या छातीवर उडालं.

तो तसाच पडून राहिला. आत हवा कोंडली होती. ॲक्सल तापतो तशी आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला वरच्या अंगाला एक बारीक भोक असतं, त्यावर बोंडाएवढी टोपी असते. ते भोक बंद झालं की हवा तेलाला रेटते, तेल शील ओलांडून चाकात येतं आणि चाकात ब्रेक असतो. तेलानं माखलेला ब्रेक धरत नाही.

त्यानं हात वर घातला. बोटाला टोपी लागली नाही, चिखलाचं ढेकूळ लागलं. छिन्नीनं चिखल उडवला. खाली लांबी भरलेली होती, गाडीच्या पत्र्याचे खड्डे बुजवतात ती, वाळून दगड झालेली. ठोका दिला तसं लांबीचं सगळं बोंड सुटून त्याच्या तळहातात पडलं. चिंधीनं पुसून त्यानं ते उन्हात धरलं. वर अंगठ्याचा ठसा होता आणि ठशावर एक तिरकी चीर. लहानपणी मेंढरं कातरताना कातर लागली होती, तिची खूण म्हाळूच्या उजव्या अंगठ्यावर अजून होती. त्यानं अंगठा ठशात ठेवला. जागच्या जागी बसला.

मग त्याला आठवलं. संपत तक्रार घेऊन आला होता की नदीतून गेलं की मागच्या तेलात पाणी शिरतंय, तेल ताकासारखं पांढरं होतंय. म्हाळूनं डोकं चालवलं होतं. भोकच बुजवलं, की पाणी शिरणार कुठून? स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन त्यानं वरून अंगठा दाबला होता आणि विसरून गेला होता. त्याच्या पुढच्या महिन्यापासून जीप रडायला लागली होती.

बाकीच्या तिघा मिस्त्रींनीही वर हात घातला नव्हता. पण त्या तिघांनी भंडारा उचलला नव्हता.

त्यानं नवी टोपी बसवली, शीलं आणि लायनर घातले, गाडी दोन दिवस तापवली. खाली अंथरलेला कागद कोरडा राहिला. मग तो गावी गेला.

सारजाबाई कांद्यात खुरपत होती. त्याला बघून तिनं पदर सावरला. "या भावजी. आज वाट चुकला जनू?"

म्हाळू बांधावर बसला. सगळं सांगितलं, काही राखलं नाही. बोंड तिच्यापुढं धरलं. तिनं ते हातात घेतलं नाही. बराच वेळ खुरप्यानं एकच ढेकूळ फोडत राहिली.

"माज्याम्होरं कशाला सांगताय?" शेवटी ती म्हणाली. "भंडारा देवळात उचलला. तितंच जाऊन सांगा. मी यीन ऐकाया."

रविवारी देवळात दहा-पंधरा माणसं होती. खांबाशी सारजाबाई उभी. म्हाळूनं पुन्हा सांगितलं, बोंड मधोमध ठेवलं. माणसं त्याच्याकडं बघायची, बोंडाकडं बघायची. देवळाचं बघणारे आण्णा जुने, गावातला शेवटचा शब्द त्यांचा.

"म्हाळू, देवाम्होरं उचललेला भंडारा खोटा कसा हुईल?"

"झाला आण्णा. मला ठावं नव्हतं."

"खोटा असता तर सात वर्सांत देवानं तुला ठेवला असता व्हय? गॅरेज वाडलं, पोरं शिकली. देवानं निकाल दिलाय." आण्णांचा आवाज मऊ झाला. "तुला संपत धरतोय. मेलेला मानूस आसाच बोलवून घेतो. कुनीतरी जाणत्याला दाखवू तुला."

"आण्णा, ह्यो माजा अंगठा हाय."

"घरी जा. निजून ऱ्हा दोन दिस."

लोक उठले. कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवून गेला, कुणी लांबून गेला. संपतचा भाऊही मान खाली घालून गेला. त्यालाही आता जुनं उकरायला नको होतं. म्हाळूला वाटलं, आपल्याला गावानं जोड्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं. हे वागणं त्याला सोसेना.

सारजाबाई पुढं आली. बोंड उचललं, आणि ठशात स्वतःचा अंगठा ठेवून बघितला. तिचा त्यात सैल पडत होता.

"जीप कुटं हाय?"

"भाईर लावलीय."

"मला नदीवर न्या, मिस्त्री."

भावजी म्हणाली नाही, हे त्याला कळलं.

ती पुढं बसली, जिथं स्वप्नाली बसली होती तिथं. सात वर्षांत ती कुठल्या गाडीत बसली नव्हती, पार दौंडलासुद्धा पायी जायची. नदीचा उतार आला. खाली डोहाचं पाणी हिरवंगार पडलं होतं, कडेनं शेवाळ धरलं होतं.

"सोडा गाडी," ती म्हणाली. "ते सोडायचे तशी."

त्यानं सोडली. दगड-खडी उडवत जीप खाली निघाली. अर्ध्या उतारावर त्यानं ब्रेक दाबला. चाकं जागच्या जागी धरली गेली, गाडी एक हिसका देऊन उभी राहिली. धूळ मागून आली आणि पुढं निघून गेली.

सारजाबाई समोरच्या पाण्याकडं बघत होती.

"थांबली," ती म्हणाली.

"व्हय."

"मंग तवाबी थांबली असती."

म्हाळूनं मान हलवली.

"त्यांनी दाबला असंल का ओ बिरिक?"

"दाबला असंल, वैनी. पार तळापत्तूर दाबला असंल."

ती उतरली. चपला काढून उतारावरून चालत पाण्याशी गेली, ओंजळ भरली आणि पाण्यात सोडली. "स्वप्नालीचं बाबा," म्हणाली, आणि पुढचं तिला सुचलं नाही. मग तिथंच खडकावर बसून ती मोठ्यानं रडली.

म्हाळू उतारावर जीपमध्ये बसून होता. त्याचा पाय ब्रेकवर होता. हँडब्रेक ओढून उतरायचं त्याला सुचलं नाही. पायात गोळा आला, पोटरी थरथरायला लागली. रडू ओसरल्यावर सारजाबाईनं वळून त्याच्याकडं बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं. पाय काढा म्हणाली नाही. त्यानंही काढला नाही.