कान खाजवला की रुबेन डावीकडे

माझी बायको नेल्डा गेली हे गावाला कळलं तो शुक्रवार होता, आणि संध्याकाळी आमच्या मैदानावर सामना होता. ती सकाळी शेजारच्या काउंटीतल्या दवाखान्यात वारली, त्यामुळे गावात फारसं कुणाला माहीत नव्हतं. लोक मैदानावर जमले आणि सवयीने वर बघितलं. तिथे कापसाच्या ट्रेलरवर मी वेल्डिंग करून दिलेलं मचाण आहे. नेल्डा त्यावर उभी राहून प्रत्येक सामन्याची व्हिडिओ टेप काढायची. त्या दिवशी मचाण रिकामं होतं. मग कुणीतरी कोच लेनला विचारलं, आणि त्याने सांगितलं. पोरं खेळली आणि हरली. त्यानंतर मात्र हरली नाहीत.

मी शाळेत वेल्डिंग शिकवतो आणि संघाचा बचाव बघतो. आमचं फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन शेवटच्या रेषेपार पळायचं; भागात पोरंच कमी, म्हणून अकराऐवजी सहा जणांचं. चेंडू घेऊन पळणाऱ्याला आडवं पाडायचं, फेकलेला चेंडू मधेच पकडायचा, ही माझ्या पोरांची कामं. कोणी कुठे उभं राहायचं, कोणी अंगावर धावून जायचं, हे मी बाजूच्या रेषेवरून खुणांनी सांगतो. लेन कॅस्टीन मुख्य कोच. तो माझाच जुना विद्यार्थी, त्यामुळे अजून मलाच 'कोच' म्हणतो.

मी लवकरच कामावर परत आलो. घरी बसून काय करणार होतो? त्या दिवशी जुनी टेप लावली तेव्हा रुबेन अर्मेंदारिसने टीव्हीचा आवाज पार बंद केला. रुबेन बचावातला आमचा सगळ्यात हुशार पोरगा. त्यानंतर आवाज बंदच राहिला. टेपांवर नेल्डाचा आवाज आहे हे मला माहीत होतं. वर एकटी उभी राहून ती कॅमेऱ्याशी बोलायची. काय बोलायची ते मी कधी नीट ऐकलं नव्हतं. मी टेप बघतो ती समोरच्यांच्या पायांसाठी. कुणाचा पाय आधी हलतो ते बघायला आवाज लागत नाही.

असे आम्ही डिसेंबरात राज्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. समोर बार्लोचा संघ.

सामन्याआधी दोन्हीकडचे कोच अर्ध्या वाटेवर भेटून टेपा बदलतात, अशी आमच्याकडे रीत आहे. समोरच्याने मागितली ती टेप द्यायची, त्यातलं काही पुसायचं नाही, कुरकुर करायची नाही. रविवारी मी आणि हॉलिस प्रूइट पेट्रोलपंपाशेजारच्या हॉटेलात 'पेकन पाय' हा गोड पदार्थ खात बसलो. हॉलिस बार्लोचा कोच. माझ्याच वयाचा. नेल्डाच्या अंत्यविधीला बायकोला घेऊन आला होता.

"ऑर्विल, तुमच्या या मोसमातल्या पहिल्या सामन्याची टेप दे," तो म्हणाला.

"ती कशाला? तेव्हा आम्हाला धड उभं राहता येत नव्हतं."

"मग द्यायला तुझं काय जातंय?"

दिली.

सोमवारी मी पोरांना हे सांगितलं. रुबेन जमिनीकडे बघायला लागला.

"कोच, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"आधी सांग."

"त्या टेपवर मिस नेल्डा तुमच्या खुणा सांगतात."

"कसल्या खुणा?"

"सगळ्याच. ऑर्विलने टोपी काढली, आता सगळे अंगावर जाणार, असं. आणि मग आम्ही जातोच. तुम्ही खोलीत नसलात की आवाज वाढवून ऐकायचो आम्ही."

लेनने कपाळाला हात लावला. "संपलं. खुणा बदला, सगळ्या. आजपासून."

"एका आठवड्यात?" मी विचारलं. "या टॉबीला अजून डावा-उजवा कळत नाही."

"कळतो, कोच," टॉबी म्हणाला आणि चुकीचा हात वर केला.

"खुणा राहू देत," मी म्हणालो. "त्यांचा अर्थ तेवढा बदलू. हॉलिसला वाटू दे की त्याला सगळं माहीत आहे. पण आधी तिने काय काय सांगून ठेवलंय ते कळायला पाहिजे."

"इतर टेपांवरही हेच बोलतात त्या," रुबेन म्हणाला.

आता आवाज चालू करायचा होता, आणि मी सांगितल्याशिवाय कुणी करणार नव्हतं. मला तिचा आवाज नको होता असं नाही. एकदा सुरू केला की बंद कोण करणार, याची भीती होती.

"लाव," मी म्हणालो.

आधी वाऱ्याची घरघर आली, मग ती. "टॉबीच्या बुटाची नाडी परत सुटली. टॉबी, बाळा, पडशील. पडला." पोरं तोंडावर हात ठेवून बसली. "हां, ऑर्विलने हाताची घडी घातली. आता सगळे मागे सरकतील. बघा, सरकले. या माणसाच्या तोंडून शब्द काढायला पकड लागते, पण हात कसे घडाघडा बोलतात." आणि थोड्या वेळाने, "आता कान खाजवला. कान खाजवला की रुबेन डावीकडे."

मी टेप थांबवायला लावली. "कान ही माझी खूण नाही."

"ते आम्हाला माहीत आहे," रुबेन म्हणाला. "तुमचा कान खाजतो. पण एक-दोनदा मी नेमका तेव्हा डावीकडे गेलो, आणि त्यांनी ते धरूनच ठेवलं. नाही गेलो तर ओरडतात. लावू पुढे?"

"लाव."

"रुबेन, कान दिसला नाही का तुला? लक्ष कुठे आहे?"

मला हसू आलं. ती गेल्यापासून पहिल्यांदा, आणि थांबेना. पोरं आधी घाबरली, मग तीही सुटली. लेनने डोळे पुसले. टेप पुढे चालूच होती. "आणि ऑर्विल, हे ऐकत असशील तर मागच्या दाराची स्प्रिंग. रात्रभर आपटतं ते."

"हे पण सगळ्या टेपांवर आहे, कोच," टॉबी म्हणाला.

तो आठवडा आम्ही आवाज चालू ठेवूनच काम केलं. टोपी काढली की सगळे अंगावर जाणार, असं हॉलिसला वाटणार होतं. म्हणजे त्याचा चेंडू फेकणारा पोरगा घाईने मधल्या मोकळ्या जागेत टाकणार. मग आम्ही फक्त धावल्याचं सोंग करायचं आणि मधेच थांबायचं. घडी घातली की मागे सरकायच्या ऐवजी खरं धावायचं. आणि कान खाजवला की बार्लोवाले रुबेनला चुकवायला दुसऱ्या बाजूने पळणार. रुबेनने तिथे आधीच असायचं. हॉलिस ती टेप आवाजासकट बघेल की नाही, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

सामन्याला वारा असा होता की खुर्च्या उडत होत्या. मी पहिली टोपी काढली तेव्हा माझं लक्ष चेंडूवर नव्हतं, हॉलिसवर होतं. त्याने लगेच आपल्या पोरांना दोन बोटांची खूण केली. चेंडू मधे आला, आणि तिथे टॉबी उभा होता, नाडी बांधून. तो चेंडू घेऊन जो पळाला तो थेट पलीकडच्या रेषेपार.

"कोच," लेन कानाशी येऊन म्हणाला, "ऐकलीय त्याने टेप."

पहिल्या अर्ध्या भागात टोपीने आम्हाला आणखी एक चेंडू दिला, घडीने त्यांचा फेकणारा दोनदा आडवा झाला. पण हॉलिस मूर्ख नाही. मध्यंतरानंतर मी टोपी काढली तर तो माझ्याकडे बघून नुसता हसला. घडीकडे तर बघेचना. त्यांनी भराभर गुण केले आणि शेवटी आमच्यापेक्षा जेमतेम थोडे मागे राहिले. चेंडू आमच्या रेषेजवळ, वेळ एकाच खेळीपुरता. पार केला की ते जिंकणार.

लेन म्हणाला, "आता काय दाखवणार? सगळं उघडं पडलं."

"कान राहिलाय."

"त्यावर विश्वास ठेवेल?"

"नेल्डाने सांगितलंय. न ठेवून कसं चालेल?"

मी सगळ्या मैदानाला दिसेल असा कान खाजवला. हॉलिस घाईने दोन पावलं पुढे आला आणि पोरांना हाताने उजवीकडे दाखवलं. त्यांचा दांडगा पोरगा चेंडू पोटाशी धरून तिकडे निघाला. रुबेन तिथे बस थांब्यावर उभं राहावं तसा उभा होता. दोघे धडकले आणि रेषेच्या अलीकडे पडले.

मग मैदानावर काय झालं ते सांगता येत नाही. टॉबीच्या आजीने मला उचललं एवढं आठवतंय.

हॉलिस हात मिळवायला आला. "एरवी आम्ही टेपा आवाज बंद करूनच बघतो," तो म्हणाला. "पण नेल्डाचा आवाज आला आणि बंद करवेना. बायकोही येऊन बसली. टोपीचा अर्थ तू बदललास ते कळलं मला. पण कान?"

"कान नुसता खाजतो, हॉलिस. पहिल्यापासून."

त्याने माझ्या कानाकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर हात ठेवून हसला. "म्हणजे तिने आधी तुला बनवलं, मग मला."

"मला नाही. ती स्वतःच बनली होती."

"टेप पाठवतो उद्याच," तो म्हणाला. जाता जाता वळला. "आणि काय रे, ते मागचं दार नीट केलंस का?"

"नाही," मी म्हणालो.

टेप आली. ती मी जेवताना लावतो, आवाज चालू ठेवून. स्प्रिंग आणून ठेवली आहे. दारावर अजून बसवलेली नाही.